विश्लेषण : गाडीची पंधरा वर्षे भरली; आता भंगार की पुन्हा पासिंग?

एमएच ३६ क्रमांकाच्या, २०११ मध्ये रस्त्यावर आलेल्या खासगी मोटारींची नोंदणी २०२६ मध्ये संपते आहे. वरठीसारख्या गावात मोटार सहजासहजी बदलली जात नाही. भंडारा रोड स्थानकावर पाहुण्यांना आणायला-सोडायला, पोलाद कारखान्याच्या पाळीला, नागपूरच्या दवाखान्याला, लग्नसराईत गावोगाव, अशी एकच गाडी घरात पंधरा-पंधरा वर्षे राबते. मुदत जवळ आली की टपरीवर दोन सल्ले हमखास मिळतात. ‘आता ती भंगारातच जाते’ हा एक आणि ‘एजंटला पैसे द्या, होऊन जाते’ हा दुसरा. पहिला सल्ला चुकीचा आहे, दुसरा धोक्याचा.

पंधरा वर्षे झाली की गाडी बाद होते का?

महाराष्ट्रातील खासगी गाडीपुरते सांगायचे तर, नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडीची तपासणी होते आणि ती चालवण्यायोग्य ठरली तर नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढते. पुढे पुन्हा तपासणी, पुन्हा पाच वर्षे. गाडी उत्तीर्ण होत असेल तर किती वेळा, यावर सरसकट बंधन नाही.

गैरसमज पसरला तो दोन बातम्यांमुळे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तो आदेश राजधानी क्षेत्रापुरता होता आणि २०२५ मध्ये तिथेही तो शिथिल झाला. दुसरी बातमी १ एप्रिल २०२३ ची. त्या दिवसापासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. भंगारात गेली ती सरकारी वाहने. घरासमोर उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला तो नियम लागू नाही.

कायदा वर्षे मोजतो, किलोमीटर नाही

समजा, वरठीतल्या एका गाडीने रोज नागपूरला ये-जा केली. एका दिवसाचे साधारण १४० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ४२ हजार आणि दहा वर्षांत चार लाखांच्या वर. शेजारची दुसरी गाडी फक्त बाजाराला आणि सणासुदीला निघाली. पंधरा वर्षांत तिचे पन्नास हजारही झाले नाहीत. कायद्याच्या नजरेत दोघींची पहिली सक्तीची तपासणी एकाच वर्षी येते. पंधरा वर्षे ब्रेक, स्टेअरिंग, टायर यांची कोणतीही सरकारी तपासणी नाही. मधल्या काळात सक्ती होती ती फक्त विम्याची आणि पीयूसीची. पीयूसी धूर मोजते. ब्रेक लागतो की नाही, हे तिला कळत नाही.

प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या गाडीचे तसे नाही. पिवळ्या पाटीच्या जीपला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. त्यामुळे चार लाख किलोमीटर झालेली जुनी जीप निदान वर्षातून एकदा निरीक्षकासमोर उभी राहते. तेवढीच धावलेली खासगी मोटार मात्र चौदाव्या वर्षीही न तपासता महामार्गावर असते. नियमातली ही फट आहे आणि ती भरून काढायचे काम सध्या तरी मालकावरच आहे.

कमी धावलेली गाडी म्हणजे चांगली गाडी, असेही नाही. विदर्भाच्या उन्हात उभ्या गाडीचेही रबर कडक होते. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते; ३२१९ याचा अर्थ २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर तो टायर संपला आहे. उभ्या गाडीत ब्रेक ऑइलही जुने होते, ओलावा शोषते. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यांवरून आलेले पाणी पायपुसण्याखाली साचते आणि तळाचा पत्रा आतून गंजत जातो. वरून पॉलिश केलेल्या गाडीत हे दिसत नाही. पायपुसणे उचलून बघावे लागते.

पासिंगच्या दिवशी काय पाहतात?

सुरुवात ओळखीपासून होते. चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळतात का? गंजामुळे चेसिस क्रमांक वाचता येत नसेल तर काम तिथेच अडते. मग ब्रेक, हँडब्रेक, स्टेअरिंगचा प्ले, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, टायर. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. नोंदीत नसलेले बदल, म्हणजे नंतर बसवलेले गॅस किट किंवा बदललेला रंग, आधी आरसीवर चढवून घ्यावे लागतात. सीएनजी असेल तर टाकीच्या दाब-चाचणीचे प्रमाणपत्रही लागते.

ही तपासणी आजवर बहुतेक ठिकाणी निरीक्षकाच्या नजरेवर आणि अनुभवावर चालत आली. तिचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. गाडी न तपासताच फिटनेस दिले जाते, अशी तक्रार घेऊन पुण्यातील एका नागरिकाने २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने राज्यातील आरटीओंना ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटर लांबीचे चाचणी पथ उभारायला लावले. पथ नसलेल्या कार्यालयांमधले फिटनेसचे काम त्यामुळे अडले आणि नियमाप्रमाणे तपासणी न केल्याबद्दल पुढे निरीक्षकांवर निलंबनाची कारवाईही झाली. ब्रेक लावून गाडी किती अंतरात थांबते हे बघायला न्यायालयाचा आदेश लागावा, यातच सगळे आले.

आता रोख यंत्रांवर आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये काढले. अशा केंद्रात चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. डाव्या-उजव्या चाकांत फरक निघाला तर ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढली जाणार, हे आकड्यातच दिसते. जवळ असे केंद्र नसेल तर वरठीकरांना दहा-बारा किलोमीटरवरचे भंडाऱ्याचे परिवहन कार्यालय आहे. अर्ज कुठे करायचा, हे परिवहन संकेतस्थळावर वेळ घेतानाच स्पष्ट होते.

खर्च किती?

पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे, दुचाकीचे १,०००. हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते दुप्पट झाले, म्हणजे मोटारीला १०,०००. यात राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पाच वर्षांसाठी पेट्रोल मोटारीला ३,०००, डिझेलला ३,५०० रुपये. उशीर केला तर मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा.

मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. सोबत आरसी, चालू विमा आणि पीयूसी लागते. २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी बसवली नसेल तर ती आधी बसवून घ्या. महत्त्वाचे म्हणजे, मुदत संपल्यावर गाडी तपासणीला चालवत नेणे हासुद्धा गुन्हाच. कलम १९२ नुसार पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड होऊ शकतो. दंड परवडेल, विमा बुडणे परवडणार नाही. तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका चोरीच्या गाडीचा विमा दावा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये नाकारला. विमा चालू होता, पण गाडी वैध नोंदणीविना रस्त्यावर होती, एवढे कारण पुरले.

जुनी गाडी घेताना इतिहास कुठे शोधायचा?

ब्रिटनमध्ये ही वार्षिक तपासणी १९६० मध्ये दहा वर्षांवरील गाड्यांसाठी सुरू झाली आणि १९६७ पासून तिसऱ्या वर्षीच लागू झाली. तिथे गाडीचा क्रमांक टाकला की जुन्या तपासण्या, निघालेले दोष आणि त्या-त्या दिवशीचे मीटरवरचे अंतर कोणालाही पाहता येते. मीटर मागे फिरवले असेल तर लगेच पकडले जाते.

आपल्याकडे एमपरिवहन ॲपवर नोंदणी, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या तारखा कळतात. पासिंगला कोणते दोष निघाले आणि गाडी किती धावली होती, हे खरेदीदाराला तिथे दिसत नाही. तो इतिहास सर्व्हिसच्या बिलांवरच असतो, कारण बहुतेक बिलांवर तारखेसोबत किलोमीटर लिहिलेले असतात. २०२० च्या बिलावर १ लाख ८० हजार आणि आज मीटरवर ९५ हजार असतील, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. बिलेच नसतील तर पेडलचे रबर, ड्रायव्हरची सीट आणि स्टेअरिंगची झिजलेली कड बघा. गॅरेजमध्ये गाडी वर उचलून तळ बघायला मालक तयार नसेल तर किंमत कितीही कमी असो, सौदा सोडा.

आणि गाडी खरोखरच संपली असेल तर? ती नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवीन खासगी गाडीच्या करात केंद्राच्या नियमानुसार २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. प्रत्यक्ष दर राज्य ठरवते. साध्या भंगारवाल्याला नुसती गाडी विकली तर हे प्रमाणपत्र मिळत नाही. नोंदणीही रद्द होत नाही, ती तुमच्याच नावावर राहते. मग त्या क्रमांकाची पाटी दुसऱ्या कुठल्या गाडीवर लागली आणि तिचे चलन फाटले, तर त्याचा संदेश तुमच्याच मोबाइलवर येतो.