घरच्या संगणकाचा पडदा निवडताना

दोन वर्षांपूर्वी एका रात्री दहाच्या सुमारास एका नवजात बालकाचे छायाचित्र माझ्या मोबाइलवर आले. जन्मानंतरचा तिसरा दिवस, सदतिसाव्या आठवड्यात झालेली प्रसूती आणि ‘बाळ पिवळे वाटते का?’ एवढाच वडिलांचा प्रश्न. मोबाइलच्या इवल्याशा चौकटीवर विसंबून न राहता मी ते छायाचित्र घरच्या मोठ्या मॉनिटरवर उघडले. बाळ छान गुलाबी दिसले. ‘सकाळी दाखवायला आणा’ असे कळवून मी पुढच्या कामाला लागलो. थोड्या वेळाने सहज लक्ष गेले, तर पडद्यावरचा कोरा पांढरा कागदही निळसर दिसत होता. आदल्या रात्री चित्रपट पाहताना चित्र ‘उठावदार’ दिसावे म्हणून घरात कोणीतरी रंगांची मांडणी बदलली होती, आणि त्या निळाईत बाळाचा पिवळेपणा बुडून गेला होता. पालकांना लगेच बोलावून घेतले. बिलिरुबिन १९ निघाले. बाळाला फोटोथेरपी द्यावी लागली. पुढे सर्व सुरळीत झाले.

यात मॉनिटरला दोष देण्यात अर्थ नाही. कावीळ नजरेने नव्हे, तर रक्ततपासणीने किंवा त्वचेवर टेकवण्याच्या मापकाने ठरवायची, हे मीच विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. परंतु मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातील एक टेबल हे दवाखान्याचेच एक अंग होऊन बसले. त्याच टेबलावर शनिवारी रात्री चित्रपटही पाहिला जातो. तेव्हा त्या टेबलावरचा पडदा कसा असावा, याचा विचार मी त्यानंतर प्रथमच गांभीर्याने केला.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो आकाराचा. वास्तविक आकार एकटा काही सांगत नाही. त्याच्याबरोबर ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची दाटी पाहावी लागते. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे अंतर वेगळे ओळखता येते, हे आपण शरीरक्रियाशास्त्रात शिकलो. साठ सेंटिमीटरवरून पाहताना हे अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर भरते. २७ इंची ‘फुल एचडी’ पडद्यावर एकेक ठिपका ०.३१ मिलिमीटरचा असतो. म्हणजे अक्षरांच्या कडा दातेरी दिसणारच. त्याच आकारात २५६० बाय १४४० ठिपके घेतले तर तो ०.२३ वर येतो, आणि ‘फोर-के’मध्ये ०.१६ वर. दिवसभर अहवाल वाचणाऱ्याने पैसे खर्चायचे ते इथे. ‘फुल एचडी’च घ्यायचा असेल तर २४ इंचांपुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट आपल्या वयाची आहे. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा असतो. पडदा उंच असला की भिंगाच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळी मान धरते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खालीच हवी. त्यासाठी खाली-वर सरकणारे स्टँड लागते; स्वस्त मॉनिटरमध्ये नेमके तेच वगळलेले असते. मी काही महिने खाली जाडजूड पाठ्यपुस्तके रचून उंची वाढवली आणि मानदुखी ओढवून घेतली. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांवर मात्र पैसे घालवू नयेत. डोळे शिणतात ते मुख्यतः एकटक पाहताना पापण्या कमी लवतात म्हणून, आणि त्यावरचे औषध दुकानात मिळत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत पडद्याच्या जातीला महत्त्व आहे. ‘आयपीएस’ जातीत कोणत्याही कोनातून रंग फारसे बदलत नाहीत, पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसतो आणि कोपरे उजळतात. ‘व्हीए’ जातीत काळेपणा साधारण तिप्पट गडद मिळतो, मात्र बाजूने पाहिल्यास रंग फिकटतात. ‘ओएलईडी’चा काळा रंग अप्रतिम, परंतु दिवसभर एकच पांढरे पान उघडे ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हाती त्यावर कायमचा ठसा उमटण्याचा धोका राहतो. काम मुख्य आणि चित्रपट आठवड्यातून एकदा, म्हणून मी ‘आयपीएस’ घेतला. चित्रपटाच्या वेळी मागे एक मंद दिवा लावला की करडेपणा खुपत नाही, आणि डोळ्यांनाही बरे वाटते.

रुंदीचा मोह अनेकांना होतो. ३४ इंची अतिरुंद पडद्याची उंची २७ इंची पडद्याएवढीच, सुमारे ३३ सेंटिमीटर असते. वाढते ती फक्त रुंदी. ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ जवळजवळ चौकोनी चौकटीतला. माझ्या पडद्यावर तो साठपैकी सेहेचाळीस सेंटिमीटर व्यापतो. अतिरुंद पडद्यावर ऐंशीपैकी तेवढीच जागा व्यापेल आणि उरलेली काळी राहील. आमच्या घरी जुनेच चित्रपट अधिक पाहिले जातात, त्यामुळे निर्णय सोपा झाला.

रंगांसाठी मॉनिटरच्या यादीत ‘एसआरजीबी’ नावाची मांडणी असते. काम करताना तीच ठेवावी. ‘व्हिव्हिड’, ‘सिनेमा’, ‘गेम’ या मांडण्या करमणुकीच्या. संध्याकाळी आपोआप पिवळसर होणारी संगणकाची सोयही छायाचित्रे पाहताना बंद ठेवावी. एवढे करूनही क्ष-किरण चित्रांचे निदान घरच्या मॉनिटरवर करू नये. क्ष-किरण विभागातील पडदे करड्या छटांच्या ठरावीक मानकानुसार जुळवलेले असतात. आपला तसा नसतो.

खरेदीला जाताना एका पेन ड्राइव्हवर बारीक अक्षरांतील एखादा तपासणी अहवाल (रुग्णाचे नाव काढून) आणि एक कोरे पांढरे पान न्यावे. दुकानातील पडद्यांवर नेहमी पोपट आणि फुलबागा नाचत असतात, त्यावरून काहीच कळत नाही. रोजचा चष्मा लावून, हाताच्या अंतरावर बसून तो अहवाल पाच मिनिटे वाचावा. खोली अंधारी करून काळे दृश्य पाहण्याची परीक्षा दुकानात होत नाही. म्हणून परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे विचारून घ्यावे आणि ती परीक्षा पहिल्याच रात्री घरी उरकावी.