अंतिम सामना कसब जिंकतं की नशीब?

जुलै २०१७मध्ये बंगळुरूला महिलांच्या आशिया चषक बास्केटबॉलचा ‘ब’ श्रेणीचा अंतिम सामना झाला. भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या ‘अ’ श्रेणीत जागा मिळवली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. चाळीस मिनिटांचा खेळ, दोन्ही संघांचे मिळून १४८ गुण आणि फरक फक्त एका बास्केटचा. रिंगवरून बाहेर पडलेला एखादा चेंडू आत पडला असता, तर? मग त्याच मुली, तीच तयारी आणि तोच खेळ असूनही आपण त्यांना हरलेला संघ म्हटलं असतं.

परभणी जिल्ह्यात शालेय स्पर्धांचा हंगाम आला की मैदानाच्या कडेला हाच वाद रंगतो. जिंकलेले म्हणतात, मेहनतीचं फळ. हरलेले म्हणतात, नशिबाने गेली मॅच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण किती, ते थोडं गणित मांडून बघता येतं.

समजा, जिल्ह्यातल्या सेलू आणि गंगाखेड तालुक्यांचे संघ बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आहेत. सेलूचा संघ थोडा सरस आहे. शंभर वेळा चेंडू टाकला तर त्यांचे ४५ आत जातात, गंगाखेडचे ४२. सामन्यात दोघांनाही साठ-साठ संधी मिळाल्या आणि प्रत्येक बास्केटचे दोन गुण धरले, तर सेलूने सरासरी ५४ गुण करावेत आणि गंगाखेडने साधारण ५०. म्हणजे कसबाचा फरक साडेतीन गुणांच्या आसपास.

आता दुसरी बाजू. प्रत्येक चेंडू आत जाईल की नाही हे आधी सांगता येत नाही, आणि अशा एकशेवीस चेंडूंची अनिश्चितता एकावर एक साचत जाते. हिशोब केला तर दोन संघांमधला फरक नुसत्या या चढउतारामुळेच सहज दहा-अकरा गुण इकडे-तिकडे होतो. साडेतीन गुणांचं कसब आणि अकरा गुणांचा हेलकावा! दोन्ही एकत्र केले की सेलू शंभरातले सुमारे ६३ सामने जिंकेल आणि ३७ हरेल. सामना छोटा करून साठऐवजी वीसच संधी दिल्या, तर ६३चे ५८ होतात. खेळ जितका थोडा, तितका नशिबाचा वाटा मोठा. म्हणूनच कमकुवत संघाचा हुशार प्रशिक्षक चेंडू संथपणे फिरवायला सांगतो. चोवीस सेकंदांत टाकायचाच असा नियम नसता, तर त्याने तो आणखी रोखून धरला असता.

अमेरिकेतल्या एनबीएची अंतिम लढत एका सामन्याची नसते. सातपैकी चार जिंकावे लागतात. आपल्या सेलूला तशी संधी दिली तर ६३चे ७७ होतात. तरीही शंभरातून तेवीस वेळा चषक दुसऱ्याच्या हाती जाईलच. २०१६मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने साखळीत ८२पैकी ७३ सामने जिंकले होते, अंतिम लढतीत ३-१ अशी आघाडी घेतली होती, आणि ते क्लीव्हलँडकडून हरले.

तिथल्या विद्यापीठांची स्पर्धा मात्र आपल्या शालेय स्पर्धांसारखी बाद पद्धतीची असते. व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ २०१८मध्ये अव्वल मानांकन घेऊन उतरला आणि पहिल्याच फेरीत बाल्टिमोरच्या एका दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुढच्या वर्षी तोच व्हर्जिनिया विजेता झाला. पण उपांत्य सामन्यात ०.६ सेकंद उरले असताना तो दोन गुणांनी मागे होता. पंचांनी फाउल दिला, काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले, त्याने तिन्ही आत टाकले, ६३-६२. फाउल मिळणं त्याच्या हातात नव्हतं. तिन्ही आत टाकणं मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाचं होतं. फ्री थ्रोला दहातले आठ टाकणारा खेळाडूसुद्धा सलग तीन टाकण्यात निम्म्या वेळाच यशस्वी होतो.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. दोन्ही संघ जितके जास्त तयारीचे, तितका निकालात नशिबाचा वाटा वाढतो. तालुक्याच्या पहिल्या फेरीत एक संघ ५० टक्के आणि दुसरा ४० टक्के अचूक असेल, तर सरस संघ शंभरातले ८७ सामने जिंकतो. तिथे कसबच बोलतं. वर जाता जाता कच्चे संघ गळतात, उरलेल्यांतला फरक बारीक होत जातो, आणि अंतिम सामन्यात तो चेंडूच्या एका टप्प्याएवढा उरतो. अर्थात, प्रत्येक अंतिम सामना असा नसतो. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. एवढ्या फरकाला कुणी नशीब म्हणणार नाही. बंगळुरूच्या ७५-७३ला मात्र म्हणावंच लागेल की त्या दिवशी दोन्ही संघ तोलामोलाचे होते. तिथवर पोहोचणं हे कसबाचं काम होतं, शेवटचे दोन गुण कसब आणि नशीब दोघांचं.

परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ. प्रत्येकी एक संघ धरला तर बाद फेरीचा तक्ता आठात बसत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन संघांना एक जादा सामना खेळावा लागतो आणि बाकीच्या सातांना बाय, म्हणजे थेट पुढच्या फेरीत प्रवेश, मिळतो. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६३ टक्केच धरली आणि आपल्या सेलूला बाय मिळाला, तर तीन सामने जिंकून चषक घेण्याची शक्यता २५ टक्के. चिठ्ठी उलटी निघाली तर चार सामने, आणि शक्यता १६ टक्के. एकाही मुलाने चेंडूला हात लावण्याआधीच तिसरा हिस्सा गेला! आणि बाय मिळाला तरीही सगळ्यांत सरस संघ हरण्याचीच शक्यता जास्त, हे पालकांनी आणि शाळांनी नीट समजून घेतलं पाहिजे. कारण दहावी-बारावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, या सगळ्यांची वाट स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवरून जाते. एका सामन्यावरून संघाची लायकी ठरवणं ही शितावरून भाताची परीक्षा आहे, आणि शितं एकसारखी शिजलेली नसताना केलेली.

मग सराव कशासाठी? हिशोबच सांगतो. फ्री थ्रोला आड कुणी येत नाही, बोर्डापासून अंतर ठरलेलं, ४.६ मीटर. सामन्यात संघाला असे पंधरा मिळतात असं धरू. अचूकता ५०वरून ७० टक्क्यांवर नेली तर सामन्यामागे तीन गुण वाढतात. सेलू आणि गंगाखेड यांच्यातला जवळजवळ सगळा फरक एवढ्याने भरून निघतो. त्यासाठी ना उंची लागते, ना महागडे बूट. एक रिंग आणि रोजचा अर्धा तास पुरतो. नशिबाचा हेलकावा कमी करता येत नाही, पण तो ज्या रेषेभोवती होतो ती रेषा वर सरकवता येते.

आयोजकांनाही एक गोष्ट करता येईल. नऊ संघांच्या बाद स्पर्धेत आठ सामने होतात. त्याऐवजी तीन-तीन संघांचे तीन गट केले, तर गटांत नऊ सामने, मग तीन गटविजेते आणि सगळ्यांत चांगला उपविजेता अशा चौघांत दोन उपांत्य आणि एक अंतिम. एकूण बारा. म्हणजे फक्त चार सामने जास्त, आणि पालम किंवा सोनपेठहून आलेल्या प्रत्येक मुलाला निदान दोनदा खेळायला मिळेल.