लाईट वेगळी, मोटर वेगळी

पहाटे ५.१५ – निपाणी बसस्थानक. मिस्त्रीच्या खांद्याला पिशवी: मल्टिमीटर, पक्कड, सोल्डरिंग गन, टेप, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. सोबत भाचा. घरी बायको सूप मांडीवर घेऊन बसली असेल. विडीची मजुरी हजारावर, सणाला सुट्टी घेतली की तेवढी विडी कमी. मिस्त्रीची हजेरी हजार रुपये, भाच्याची पाचशे. एसटीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण बेळगावच्या गणेश मंडळाकडे.

७.४५ – बेळगाव. रिमझिम आहे. बसस्थानकावरून चालतच गल्लीत. गौरी काल गेल्या, आज देखावा खुला करायचा: कालियामर्दन. थर्माकोलचा डोह, पाच फण्यांचा नाग, वर कृष्ण. फणे वायपरच्या मोटरीवर हलतात. भंगार बाजारातून आणलेली ट्रकची मोटर, साडेचारशेला एक.

८.१५ – दुखणं सापडतं. मोटरी आणि एलईडी पट्ट्या एकाच १२ व्होल्टच्या सप्लायवर जोडल्यात. फणा वर चढताना मोटर जोर मागते, तेवढ्यात दिवे मिणमिणतात. काल रात्री फण्याची दांडी अडकली, सप्लायनं अंग काढून घेतलं आणि देखावा काळोखात.

"मिस्त्री, सातला पडदा उघडायचा हाय. होतंय न्हवं?"

"होतंय. फक्त मधे कोण हात घालू नका."

९.०० – सगळं सोडायचं. भाचा प्रत्येक वायरीला टेपचा तुकडा लावतो: लाल टेप मोटरीला, पांढरा दिव्यांना. दुसरा सप्लाय गणपत गल्लीतून साडेसहाशेला येतो. पावती खजिनदाराकडे.

११.३० – खरी मेख मोटरीच्या अंगात आहे. या मोटरीची निगेटिव्ह म्हणजे तिचं पत्र्याचं आवरणच. ती लोखंडी अँगलला बोल्टनं आवळली की अख्खा सांगाडा निगेटिव्ह होतो, आणि दिव्यांची एखादी सोललेली वायर त्याला टेकली की दोन्ही सप्लाय पुन्हा एक. म्हणून मोटरीखाली ट्यूबचा तुकडा, बोल्टला रबरी वॉशर, निगेटिव्हला वेगळी वायर. बोल्ट आवळून मल्टिमीटरचं एक टोक मोटरीला, दुसरं अँगलला. तो पिं वाजला तर पुन्हा खोलायचं. दुसरी मोटर वाजली. एक वॉशर चिरला होता. मिस्त्री काही बोलत नाही, ट्यूब कापायला घेतो. हे काम प्रेक्षकाला कधीच दिसणार नाही, आणि तरीही माणूस ते इतक्या निगुतीनं करतो, याचं मला फार मोल वाटतं.

१.३० – महाप्रसादाचा भात-आमटी, मंडपाच्या मागे उभ्यानंच.

२.१५ – दांडीचं काम. मोटर गोल फिरते, फणा वरखाली व्हायला हवा. आर्मला जोडलेली सळई भोकात घासत होती. भोक कानशीनं मोठं केलं, ग्रीस लावलं. मोटरीच्या वायरीत गाडीतला १० अँपिअरचा फ्यूज बसवला. आता फणा अडकलाच तर दहा रुपयांचा फ्यूज जाईल, दिवे राहतील.

४.४० – बोर्ड. प्लायच्या तुकड्यावर दोन स्विच, खाली मार्करनं "लाईट", "मोटर". भाच्यानं "मोटर"चा र मोठा काढला. मंडळाच्या पोरांना बजावून सांगितलं: आरतीला मोटर बंद, दिवे चालू. तासभर चालली की दहा मिनिटं विसावा, हात लावून बघा, चटका बसला तर थांबवा.

६.५० – पडदा. आधी दिवे, मग मोटर. फणा चढतो, उतरतो. निळा उजेड स्थिर. पहिल्या रांगेतली पोरं फणा खाली आला की मागं सरतात.

११.४० – गर्दी शहापूरकडे सरकली. मोटर बंद, दिवे चालू. खजिनदार पंधराशे मोजून देतो, भाड्याचे वेगळे. मिस्त्री त्यातले पाचशे तिथंच भाच्याच्या हातावर ठेवतो. उद्या वडगावातल्या मंडळाचं काम आहे, तिथं मोटरी सहा. म्हणजे ट्यूब कमी पडणार. पंक्चरवाला सकाळी कितीला उघडतो, ते तो पोरांना विचारून ठेवतो.