सागवानाचा खजिना

गेल्या दिवाळीत मी इंदापूरहून मुंबईला ताईकडे गेलो आणि पोरांच्या तावडीत सापडलो! थोरल्या भाच्याने धाकट्यांसाठी फोर्टात खजिना शोधायचा खेळ रचला होता. चिठ्ठी उलगडायची, मोबाइलवर नकाशा पाहायचा आणि पुढचा मुक्काम गाठायचा. "मामा, तुम्हीही चला," असा हुकूम झाला.

तिसरी चिठ्ठी म्हणत होती, 'रान नाही, करवत नाही, तरी सागाचा व्यापार झाला. कुठे?' हिंडून हिंडून पोरे वॉलेस स्ट्रीटवर ९ क्रमांकाशी थबकली. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन! १८६३ साली वॉलेस बंधूंनी काढलेली कंपनी. ब्रह्मदेशच्या रानात हत्ती ओंडके ओढीत, नद्या ते वाहून नेत आणि कारभार चाले मुंबईतून.

दाराबाहेरच उत्तर द्यायचे होते : 'या लाकडापायी कोणाचे राज्य गेले?'

पोरे माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी सांगितले : ओंडके कमी दाखवले, असा ठपका ठेवून १८८५ साली ब्रह्मी दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवे होते. नोव्हेंबरात फौज निघाली आणि पंधरवड्यात मंडाले पडले. थिबा राजाला आधी मद्रासला, मग रत्नागिरीला आणून ठेवले. तिथेच १९१६ साली तो वारला.

"म्हणजे थिबा पॅलेसवाला!" धाकटी ओरडली. तिने तो सहलीत पाहिला होता. मुक्काम सर झाला.

पण ती लगेच म्हणाली, "मामा, आपल्या वाड्याचे खांबही ब्रह्मदेशी सागाचेच ना? आजी सांगायची."

मी गप्प झालो. कारण मुंबईला आलो होतो तोच मुळी ताईची सही घ्यायला. वाडा गळत होता, भिंत फुगली होती आणि जुन्या लाकडाचा एक व्यापारी खांबांना चांगला भाव देत होता. कागद पिशवीतच होते.

रात्री ते ताईपुढे ठेवले. तिने चष्मा लावून सगळे वाचले.

"करते सही," ती म्हणाली, "पण एक खांब माझ्यासाठी ठेव."

"अगं, वाड्याशिवाय खांब ठेवायचा कुठे?"

"तेच म्हणते मी."

कागद तसेच परत आले. पावसाळ्याआधी भिंत बांधून घेतली, वर पत्रे घातले. खर्चाचा निम्मा वाटा ताईने उचलला. व्यापारी अजून फेरी मारतो, चहा घेऊन जातो.

यंदा खजिन्याचा खेळ इंदापुरात आहे. पहिली चिठ्ठी कुठल्या खांबामागे, ते मात्र भाचा सांगत नाही!