प्रेम सांगण्याच्या रीती

"मला तुझी फार आठवण येते." हे वाक्य साधे आहे आणि खरेही आहे. पत्रात लिहिले तर वाचणाऱ्याला आनंद होईल. पण या वाक्याला आपण कविता म्हणत नाही. प्रेमाची कविता हीच गोष्ट सांगते, पण वेगळ्या रीतीने. ती रीत कोणती, हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. उर्दूच्या तासाला तुम्ही गझल वाचता आणि मराठीच्या तासाला कविता. दोन्हींकडे पाहिले तरी पुष्कळ समजते.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात सातवाहन राजांचे राज्य होते. गोदावरीकाठचे पैठण ही त्यांची राजधानी. त्या घराण्यातील हाल नावाच्या राजाने लोकांमधील सुमारे सातशे छोट्या कविता एकत्र केल्या, असे परंपरा मानते. या संग्रहाचे नाव 'गाथासप्तशती'. त्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत आहे. मराठीची ही पूर्वज भाषा. यातील प्रत्येक गाथा दोन ओळींची आहे आणि बहुतेक गाथा प्रेमाविषयी आहेत. त्यांत राजवाडे कमी आणि शेते, नदी, पाऊस, गावातील घरे जास्त दिसतात.

एका गाथेत एका स्त्रीचा नवरा परगावी गेला आहे. तो गेल्याचे दिवस मोजायला ती भिंतीवर रेघ ओढते. पहिला अर्धा दिवस संपण्याआधीच सारी भिंत रेघांनी भरून जाते. बस, गाथा एवढीच. "तिला फार दुःख झाले" असे कवी म्हणत नाही. रेघा आपण पाहतो आणि दुःख आपल्याला कळते. एका दिवसाला खरे म्हणजे एकच रेघ पुरे. तिने इतक्या का ओढल्या, हा प्रश्न मनात आला की कविता समजली. प्रेमाच्या चांगल्या कवितेत 'प्रेम' हा शब्द पुष्कळदा नसतोच.

असे आडून बोलण्यामागे केवळ कवीची हौस नसते. आपल्या समाजात पुष्कळ काळ प्रेम उघडपणे बोलण्याची मुभा नव्हती, विशेषतः स्त्रियांना. जुन्या घरांमध्ये बायको नवऱ्याला नावाने हाक मारीत नसे. ती 'अहो' म्हणे. दुसऱ्यांशी बोलताना नुसते 'हे' म्हणे. मग मनातले सांगायचे कुठे? पहाटे जात्यावर दळायला बसले की ओवी सुचे. जात्याची घरघर चालू असल्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना ती फारशी ऐकू जात नसे. अशा एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी खेड्याखेड्यांतून गोळा केल्या. ओव्यांमध्ये आई, भाऊ, लेक यांच्याविषयीची माया भरभरून आहे. नवऱ्यावरच्या ओव्या त्या मानाने थोड्या. त्यांतही त्याचे नाव येत नाही. 'कंथ' किंवा 'भरतार' असा शब्द येतो, नाहीतर आपल्या कपाळावरच्या कुंकवाचे कौतुक करून बाई त्याचेच कौतुक करते. नाव घेण्याची संधी मिळे ती उखाण्यात, लग्नाच्या किंवा सणाच्या दिवशी, चारचौघींच्या आग्रहाने. तेही यमकात गुंफून! मला तर उखाणा ही मराठीतील सर्वांत लहान प्रेमकविता वाटते.

लावणी मात्र एवढी लाजत नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात शाहिरांनी ढोलकी आणि तुणतुण्याच्या साथीवर लावण्या रचल्या. होनाजी बाळा, रामजोशी, परशराम, अनंत फंदी ही नावे तुम्ही ऐकली असतील. त्यांच्याच पंक्तीत सगनभाऊ हा शाहीर बसतो. तो मुसलमान होता आणि हत्यारांना धार लावण्याचा शिकलगाराचा धंदा करीत असे. त्या काळचे पुरुष मोहिमांवर जात आणि महिनोन्‌महिने परतत नसत. म्हणून घरी वाट पाहणारी स्त्री हा लावणीचा आवडता विषय झाला. तिच्या बोलण्यात 'इश्क' हा तुमच्या ओळखीचा शब्दही सहज येऊन बसतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लावणीत बोलते ती स्त्री, पण लिहिणारा बहुधा पुरुष असे. मराठीत हे करायला एक मात्रा पुरते. 'मी वाट पाहतो' याचे 'मी वाट पाहते' केले की बोलणारा बदलतो. उर्दूतही 'जाता हूं' आणि 'जाती हूं' यांत तोच फरक आहे. समोरच्याविषयीही तसेच. 'तू आलास' म्हटले की समोर पुरुष आहे हे कळते, 'तू आलीस' म्हटले की स्त्री. जुन्या उर्दू गझलेने मात्र एक वेगळाच संकेत पाळला. तेथे प्रिय व्यक्तीसाठी बहुतेक वेळा पुल्लिंगी क्रियापद येते, मग मनात कोणीही असो. त्यामुळे एकच शेर कोणी प्रेयसीविषयी वाचतो, कोणी मित्राविषयी, तर कोणी परमेश्वराविषयी. या संदिग्धपणाने गझलेला मोठी खोली दिली. मराठी कविता मात्र 'आलास' आणि 'आलीस' यांत सहसा निवड करून टाकते. पुरुष शाहिरांनी स्त्रियांच्या तोंडी घातलेले सारेच काही स्त्रियांच्या मनातले असेल, असे मला वाटत नाही. पण त्यांनी तिला निदान बोलते केले.

गझल ही उत्तरेची आणि लावणी तेवढी आपली, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. उर्दू गझलेचा पाया घालणाऱ्यांत वली दखनी यांचे नाव पुढे येते आणि बहुतेक अभ्यासक त्यांना औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे मानतात. अठराव्या शतकातील सिराज औरंगाबादी तर गावाचे नाव मिरवतातच. दिल्लीच्या कवींना उर्दूत गझल लिहिण्याची गोडी लावण्यात वलींच्या दखनी काव्याचा मोठा वाटा आहे.

मराठीत गझल रुजवण्याचा प्रयत्न माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी केला. त्यांचे खरे नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी फारसी-मराठी कोशही तयार केला. 'गज्जलांजली' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. गझलेची वृत्ते त्यांनी मराठीत आणली, पण त्यांच्या रचना पुष्कळदा एकाच विषयावरच्या सलग कविता होतात. प्रत्येक शेर स्वतंत्रपणे उभा राहील अशी गझल मराठीत खऱ्या अर्थाने घट्ट झाली ती सुरेश भट (१९३२–२००३) यांच्यामुळे. ते अमरावतीचे. नव्या कवींना नियम समजावेत म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मतला, काफिया, रदीफ हे शब्द तुम्हांला शिकवावे लागणार नाहीत. मराठी गझलकारही तेच शब्द वापरतात. फरक वजनाचा आहे. उर्दूत काही ठिकाणी दीर्घ स्वर ऱ्हस्व म्हणून वाचण्याची सवलत आहे. मराठीत लघु-गुरू अक्षरांचा हिशोब कडक असतो.

प्रेमासाठी गझलेचा हा साचा इतका योग्य का ठरला? रदीफ पाहा. प्रत्येक शेर नवी गोष्ट सुरू करतो आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्याच शब्दापाशी येऊन थांबतो. प्रेमात पडलेल्या माणसाचे मनही असेच असते. विषय कोणताही निघो, ते फिरून एकाच जागी येते. शिवाय शेर दोनच ओळींचा. पहिली ओळ उत्सुकता वाढवते आणि दुसरी ती अचानक पुरी करते. मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा का म्हणतात, ते यावरून समजेल.

दोन्ही भाषांची चित्रे मात्र निरनिराळी. उर्दूत शमा आणि परवाना, गुल आणि बुलबुल. मराठीत चंद्र आणि चकोर, कमळ आणि भुंगा. उर्दूत निरोप नेतो तो कासिद. कालिदासाच्या 'मेघदूत' या संस्कृत काव्यात हे काम ढग करतो. 'हिज्र' म्हणा की 'विरह', दोन्हींकडे भेटीपेक्षा ताटातुटीवरच कविता अधिक आहेत. भेट झाली की लिहायला वेळ कुणाला असतो?

गाण्याची गोष्ट थोडी निराळी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. त्यामुळे मुखडा, दोन-तीन अंतरे आणि पुन्हा मुखडा हा आकार पक्का झाला. साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी, शकील बदायुनी या शायरांनी मुंबईत येऊन याच आकारात चित्रपटगीते लिहिली. मराठीत भावगीत लोकप्रिय झाले. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज लाभलेले 'शुक्रतारा' हे युगुलगीत घरोघरी पोहोचले. गाण्यात शब्द सोपे असले तरी चालते, कारण उरलेले काम सूर करतात. कागदावरच्या कवितेला तो आधार नसतो.

कागदावरची अशी कविता पाहायची असेल तर इंदिरा संत (१९१४–२०००) वाचाव्यात. त्यांचे पती ना. मा. संत हेही कवी होते. दोघांनी मिळून १९४० साली एक संग्रह काढला, त्याचे नाव 'सहवास'. १९४६ साली पती वारले. मुले लहान होती. इंदिराबाईंनी बेळगावात शिक्षिकेचे काम करीत संसार सांभाळला आणि कविता लिहीत राहिल्या. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' या संग्रहांत त्या पाऊस, संध्याकाळ, फुले, आकाश यांच्याविषयी बोलतात. वाचता वाचता मध्येच एखाद्या ओळीत 'तू' येतो. हा 'तू' कोण, ते त्या सांगत नाहीत.