संशोधनाचा शिधा

कला आणि मानव्यविद्यांच्या संशोधकाला मिळणाऱ्या आर्थिक मदतीचे तीन प्रकार आहेत. शिष्यवृत्ती शिक्षणासाठी मिळते आणि तिचा संबंध पदवी किंवा अभ्यासक्रमाशी असतो. अधिछात्रवृत्ती, म्हणजे रोजच्या बोलण्यातली फेलोशिप, संशोधकाच्या निर्वाहासाठी असते. ठरावीक काळ दरमहा रक्कम मिळते आणि त्या काळात त्याने दुसरी चाकरी न करता अभ्यास करावा, ही अपेक्षा असते. अनुदान माणसाला नव्हे, कामाला मिळते. प्रवास, ध्वनिमुद्रण, हस्तलिखितांच्या प्रती, साहाय्यकाचे मानधन अशा खर्चाचा हिशेब मांडून ते मागावे लागते आणि त्याच हिशेबाने खर्चावे लागते. आपल्याला यांपैकी नेमके काय हवे आहे, हे ठरल्याशिवाय शोधाला दिशा मिळत नाही.

जुनी परंपरा

विद्येला आश्रय देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पेशवाईत श्रावणात पुण्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात हा निधी आटला, पण बंद झाला नाही. 1821 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेला त्यातून पैसा मिळाला. दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वापरावा, अशी मागणी 1849 मध्ये पुण्यातील सुधारकांनी केली आणि पुढे दक्षिणा प्राइज कमिटी ग्रंथांना बक्षिसे देऊ लागली. याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे यांना ही फेलोशिप मिळाली होती. जन्मावर मिळणारी दक्षिणा अशा रीतीने हळूहळू कामासाठी मिळणारी वृत्ती झाली.

बडोदा संस्थानाने ही वाट आणखी रुंद केली. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांना सयाजीरावांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच होती, की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. निर्वाहाची सोय, कामाचे स्वातंत्र्य आणि मुदतीत द्यायचे फळ, चांगल्या फेलोशिपची ही तिन्ही अंगे त्या एका करारात आहेत.

केंद्रीय योजना

आज पीएच.डी. करणाऱ्याचा सर्वांत मोठा आधार म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, अर्थात जेआरएफ. ती ‘नेट’ परीक्षेतून मिळते. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, नाट्य, संगीत, दृश्यकला हे सारे विषय या परीक्षेत आहेत. दोन प्रश्नपत्रिका मिळून 300 गुण आणि तीन तास असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि प्रगती समाधानकारक असल्यास पुढील तीन वर्षे 42,000 रुपये अशी रक्कम आहे. घरभाडे भत्ता आणि वार्षिक आकस्मिक खर्च वेगळा मिळतो. वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे 30 वर्षे असून महिला आणि राखीव प्रवर्गातील उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. पीएच.डी. करणाऱ्या एकुलत्या एका मुलीसाठी आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय संशोधकांसाठी केंद्राच्या स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिप आहेत.

विषयनिहाय तीन परिषदा दिल्लीत आहेत. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद 1969 मध्ये स्थापन झाली; तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे. भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषद आणि 1972 ची भारतीय इतिहास संशोधन परिषद या दुसऱ्या दोन. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यापासून निवृत्त प्राध्यापकापर्यंत निरनिराळ्या टप्प्यांसाठी त्यांच्या योजना आहेत. मोठ्या फेलोशिपइतकेच त्यांचे छोटे साहाय्यही मोलाचे असते. दफ्तरखान्यापर्यंतचा प्रवास, परिसंवाद, प्रबंधाचे प्रकाशन यांसाठी मिळणारी रक्कम लहान असली, तरी अडलेले काम तिने सुटते.

पीएच.डी. झालेल्यांसाठी सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेचे स्थान वेगळे आहे. 1888 मध्ये बांधून झालेल्या व्हाइसरॉयच्या निवासात 1965 मध्ये ही संस्था सुरू झाली. फेलो तेथे राहून एका विषयावर ग्रंथ लिहितो, शिकवण्याचे बंधन नसते.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिप विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकांनाही खुल्या आहेत. पंचविशी ते चाळिशीतल्यांसाठी कनिष्ठ आणि चाळिशीपुढच्यांसाठी वरिष्ठ असे दोन गट आहेत. मुदत दोन वर्षे असून दरमहा अनुक्रमे 10,000 आणि 20,000 रुपये मिळतात. लोककला, नाट्य, साहित्य, वस्तुसंग्रहालयशास्त्र अशी क्षेत्रे त्यात येतात. संबळवादनाची घराणी नोंदवू पाहणाऱ्या किंवा दशावताराच्या संहिता गोळा करणाऱ्या अभ्यासकाला हे दार उपयोगी पडू शकते. मंत्रालयाची टागोर राष्ट्रीय फेलोशिप ग्रंथालये, संग्रहालये आणि अभिलेखागारे यांच्यातील सामग्रीवर काम करणाऱ्यांसाठी आहे.

महाराष्ट्रातील संस्था

राज्यात सामाजिक गटांनुसार स्वायत्त संस्था आहेत. पुण्याची ‘बार्टी’ अनुसूचित जातींच्या संशोधकांना बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती देते. पुण्यातच असलेली ‘सारथी’ मराठा व कुणबी समाजातील संशोधकांसाठी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची अधिछात्रवृत्ती चालवते. नागपूरच्या ‘महाज्योती’ची महात्मा जोतिबा फुले संशोधन अधिछात्रवृत्ती इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी आहे. या योजनांत जागांची संख्या, निवडीची पद्धत आणि कागदपत्रे वर्षागणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या अनुभवावर न विसंबता त्या वर्षीची जाहिरात शब्दशः वाचावी लागते. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर दाखला आणि पीएच.डी. नोंदणीचे पत्र आधीच हाती असले, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

ललित लेखनासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्यातून पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला साहाय्य मिळते. 1804 मध्ये स्थापन झालेली मुंबईची एशियाटिक सोसायटीही संशोधनवृत्ती देते, भारतविद्येसाठीची न्या. का. त्र्यं. तेलंग फेलोशिप त्यांपैकी एक.

खासगी न्यास

काही फेलोशिप पदवीकडे न पाहता कामाकडे पाहतात. जवाहरलाल नेहरू फेलोशिप 1970 च्या दशकात विजय तेंडुलकरांना समाजातील हिंसेच्या अभ्यासासाठी मिळाली. होमी भाभा फेलोशिपवर गिरीश कर्नाडांनी लोकनाट्याचा अभ्यास केला. नाटककाराला संशोधक मानण्याची ही दृष्टी आजही काही न्यासांनी जपली आहे.

बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1995 पासून कलाविषयक संशोधन, प्रयोग आणि कलाशिक्षण यांना अनुदान देत आले आहे. तेथे प्रस्ताव भारतीय भाषांतही लिहिता येतो. मराठीतच विचार करणाऱ्या अभ्यासकाला ही मोठी सोय आहे. न्यू इंडिया फाउंडेशन स्वतंत्र भारताच्या इतिहासावरील ग्रंथलेखनासाठी फेलोशिप देते. भारतीय भाषांतील वैचारिक गद्य इंग्रजीत नेण्यासाठी तिची अनुवाद फेलोशिप असून तिच्या भाषांत मराठीचा समावेश आहे. मराठीत वैचारिक गद्य विपुल असल्याने तेथे मराठी अनुवादकांना वाव आहे.

परदेशी वाटा

अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू फेलोशिप हा मुख्य मार्ग. भारत आणि अमेरिका यांच्यातील 1950 च्या करारातून ही योजना उभी राहिली. भारतीय विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या संशोधकाला तिच्यातून सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येते. ब्रिटनसाठी राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आहे. कला, वारसा आणि मानव्यविद्या यांच्यासाठी 1981 मध्ये स्थापन झालेला चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे. जर्मनीत ‘डाड’ ही शैक्षणिक देवाणघेवाण संस्था पीएच.डी. आणि संशोधन-मुक्कामासाठी मदत करते, तर हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची फेलोशिप पीएच.डी.नंतरची आहे. मुंबईतील जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देते.

उलट दिशेची वाटही आहे. 1961 मध्ये स्थापन झालेली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज अमेरिकेतील अभ्यासकांना भारतात संशोधन करण्यासाठी फेलोशिप देते आणि पुण्यात मराठीचे वर्ग चालवते. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतील संशोधकांनाही तिचा लाभ घेता येतो. ब्रिटिश लायब्ररीचा संकटग्रस्त अभिलेख कार्यक्रम नष्ट होऊ घातलेल्या कागदपत्रांच्या डिजिटल प्रती करण्यासाठी अनुदान देतो. त्यात मूळ कागद देशाबाहेर नेले जात नाहीत.

शोधाची पद्धत

शोध स्वतःच्या टप्प्यापासून सुरू करावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थी, नोंदणी झालेला संशोधक, पीएच.डी. झालेला, नोकरीतील प्राध्यापक आणि स्वतंत्र अभ्यासक, या पाचही जणांची दारे वेगळी आहेत. त्यानंतर वय, प्रवर्ग, विषय आणि कामाचे ठिकाण या चार चाळण्या लावल्या, की लांबलचक यादीतून पाच-सहा योजना उरतात. त्यांच्या मुदती वर्षाच्या तक्त्यावर मांडाव्या लागतात. परदेशी फेलोशिपची तयारी प्रत्यक्ष जाण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होते. संस्थेचे मूळ परिपत्रक हाच विश्वासाचा आधार. चांगल्या पुस्तकांच्या ऋणनिर्देशांतूनही मोठी माहिती मिळते, कारण कोणत्या विषयाला कोणी पैसा दिला, हे तेथे लिहिलेले असते.

प्रस्ताव आणि त्यानंतर

प्रस्तावाचा प्राण म्हणजे नेमका प्रश्न. ‘जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास’ हा विषय झाला. ‘मावळातील तीन गावांत पिठाची गिरणी आल्यावर ओवी कोणत्या कामांकडे सरकली आणि तिचा आशय कसा बदलला’ हा प्रश्न झाला. प्रश्न असा बांधला, की साधने, पद्धत, वेळापत्रक आणि खर्च आपोआप ठरत जातात. आधी कोणी काय काम केले आहे आणि कोणती जागा मोकळी आहे, हे थोडक्यात सांगावे लागते. निवड समितीतील सारे सदस्य त्याच विषयाचे नसतात, म्हणून पहिले पान कोणत्याही सुजाण वाचकाला कळेल असे हवे. अंदाजपत्रकात फुगवटा नको आणि काटकसरीचा देखावाही नको. गायिकांचे मानधन, भाषांतर, ध्वनिफितींचे जतन हे खर्च मोकळेपणाने लिहावेत. शिफारसपत्र देणाऱ्याला प्रस्ताव किमान महिनाभर आधी मिळाला, तर पत्रात नेमकेपणा येतो.

रक्कम मिळाल्यावर जबाबदारी सुरू होते. सहामाही अहवाल, मार्गदर्शकाची सही, पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांवाचून पुढचा हप्ता अडकतो. एकाच वेळी दोन ठिकाणची निर्वाहवृत्ती घेता येत नाही. हप्ता उशिरा येण्याची शक्यता धरून काही महिन्यांची पुंजी बाजूला असणे शहाणपणाचे ठरते.

नकार हाही या वाटेचा भाग आहे. 1855 मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले आणि ते नाकारले गेले. आज मराठी नाटकाच्या आणि सामाजिक विचारांच्या इतिहासात त्या नाटकाला मानाचे स्थान आहे. समितीचा निर्णय त्या वर्षाच्या पैशापुरता असतो. शेरे मिळाले तर ते वाचून, प्रश्न अधिक धारदार करून तोच प्रस्ताव पुढच्या वर्षी किंवा दुसऱ्या दारी नेता येतो.