फोडणीच्या भाताचा थाई मावसभाऊ

शुक्रवारी रात्री मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस पकडायची, सकाळी परभणीला उतरायचं आणि दोन दिवस आईच्या हातचं हादडायचं, हा माझा ठरलेला प्लॅन. मागच्या मे महिन्यात मात्र बेत उलटा होता. आईला थाई फ्राइड राइस खाऊ घालायचा!

"सकाळी सकाळी काय करायलीस गं?"

"फ्राइड राइस."

"म्हणजे फोडणीचा भातच की!"

आईचं काही चुकलं नव्हतं. थाई भाषेत या पदार्थाला 'खाव फत' म्हणतात, म्हणजे चक्क परतलेला भात. उत्साहानं तिनं ओट्यावरचं पातेलं पुढं केलं. रात्रीचा भात, झाकून ठेवलेला. परभणीचा मे, पारा चाळिशीपार! "एकटीचा मूठभर उरतो, त्याला फ्रिज कशाला?"

मंडळी, इथंच गडबड आहे. शिजवल्यावरही भातात 'बॅसिलस सिरियस' या जिवाणूचे बीजाणू तग धरतात. भात गरम हवेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते पुन्हा गरम करूनही जात नाही. मी भात टाकला, तसा आईचा चेहरा पडला. रोज फोनवर 'जेवले हं' म्हणणारी आई नेमकं काय जेवते, ते मला तेव्हा कळलं. आणि खरं सांगा, शहरात एकटे राहणारे आपण तरी वेगळं काय करतो?

मग नवा भात लावला. मोकळा शिजवून ताटात पसरला, गार झाल्या झाल्या झाकून फ्रिजमध्ये. थंडीत दाणा घट्ट होतो, परतताना गिचका होत नाही. संध्याकाळी फक्त दहा मिनिटांचं काम!

दोघांसाठी तीन वाट्या गार भात घ्या. लसणाच्या सहा पाकळ्या आणि तीन हिरव्या मिरच्या खलबत्त्यात ठेचा. लोखंडी कढईत दोन चमचे तेल कडकडीत तापवून ठेचा टाका. गवती चहाच्या बुडाचा कोवळा पांढरा भाग अगदी बारीक चिरून घाला. हाच तो हॉटेलवाल्यांचा लेमनग्रास! मग उभा चिरलेला कांदा, गाजर, फरसबी. भाज्या करकरीत राहू द्या. आता भात, चमचाभर सोया सॉस, चिमूटभर साखर. आच मोठीच ठेवा, भात सतत हलवत राहा. फिश सॉससाठी बाजार पालथा घालू नका, मीठ चाखून घाला. अंडं चालत असेल तर भाताआधी फोडून परता. शेवटी लिंबू पिळा, कोथिंबीर भुरभुरा, वरून भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट.

थाई लोक परतण्यात 'कफ्राव'ची पानं घालतात. कफ्राव म्हणजे आपली तुळस. मी अंगणाकडे वळले, तर आई दारातच उभी! "देवाच्या तुळशीला हात लावायचा नाही." तह झाला, खाण्यासाठी वेगळी कुंडी.

आईनं दोनदा वाढून घेतलं. वर म्हणाली, "मोहरी-हिंग असती तर अजून छान झाला असता."

आता रात्रीच्या फोनवर 'जेवले हं'च्या पुढं एक वाक्य वाढलंय. "भात फ्रिजमध्ये ठेवलाय गं. तू ठेवलास का?"